नागोरावांच्या वहीतलं सामानाचं पान

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे वारज्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लोकांची गुपितं माझ्याकडेच येतात, कारण तळमजल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कुणाचं मृत्युपत्र, कुणाच्या पोराची मार्कलिस्ट, कुणाची रक्तातली साखर, सगळं माझ्या काचेवर पालथं पडतं. मी वाचत नाही. डोळे उघडे असतात, एवढंच.

तर एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे नागोराव आले. माणूस मूळचा वाशीमकडचा, चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आला, भोसरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून राबला आणि तिथूनच निवृत्त झाला. पण फिटर म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. नागोराव म्हणजे ट्रिपा. कारखान्यात असताना आणि नंतर सोसायटीत, वर्षाला एक तरी बस त्यांनी देवदर्शनाला नेलीच. काखेत पुठ्ठ्याची लांब वही, कानावर पेन. पंधरा माणसांमागे नेणारा एक फुकट, हा त्यांचा नियम. त्या एका फुकट सीटसाठी ते पंधरा जणांच्या उलट्या, गोळ्या आणि रुसवे आनंदानं सांभाळत.

त्या दिवशी त्यांनी काउंटरवर जहाजाचं रंगीत पत्रक ठेवलं. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री.

"साईनाथराव, दोन प्रती. आणि तोंडाला कुलूप."

"कोण चाललंय?"

"आम्ही दोघंच. सुशीला साठची झाली. काय पाहिजे विचारलं, तर म्हणे, एकदा पाण्यावर झोपायचंय, खिडकीजवळ. आणि उठल्यावर कुणाचा चहा करायचा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लाखात बसवतोय. तिला अजून सांगितलं नाही."

मी कुलूप लावलं. दुपारी जेवताना ते बायकोसमोर, आमच्या पूर्णिमेसमोर, उघडलं. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना पत्रक तोंडपाठ होतं. सुशीलावहिनींना ही बातमी नवऱ्याकडून कळायची, ती लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या चैतालीकडून कळली. वहिनी हसल्या म्हणे, अगदी लाजून. ते हसू पाहून मी गप्प बसायला हवं होतं. मी काय केलं? नागोरावांना गाठून म्हणालो, "आम्हीही येतो की! दोघांना दोघं सोबत."

आमच्यामागे चैताली आणि तिचा नवरा आले. मग अख्खी रांग लागली. आणि नागोरावांच्या कानावरचं पेन आपोआप हातात आलं.

"पंधरा झाले तर एक फुकट मिळेल," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जुनी बस सुरू झालेली मला स्पष्ट दिसली.

पुढचे तीन रविवार पार्किंगमध्ये बजेटच्या बैठका झाल्या. वहिनी थर्मास भरून चहा आणायच्या आणि टाकीच्या कट्ट्यावर बसून ऐकायच्या. जमिनीवर आम्ही जितका वाद घातला, तितका समुद्रावरही कुणी घातला नसेल. सेवकांची बक्षिसी आधीच बिलात लावतात, हे कळल्यावर पहिला भूकंप झाला.

"सेवा बघायच्या आधीच बक्षिसी? म्हणजे लग्नाआधीच बारसं!" मी म्हणालो. सगळे हसले, आणि हसू मिळालं की मला चेव येतो.

दुसरा भूकंप गेनबाकाकांनी केला. वारजं गाव होतं तेव्हापासूनचे ते इथले शेतकरी. आमची इमारत त्यांच्याच वांग्यांच्या वाफ्यावर उभी आहे, ही आठवण ते दर बैठकीत करून देत. त्यांच्या बायकोला, तुळजाबाईंना, पाण्याची भीती, म्हणून ते एकटेच येणार होते.

"बाहेरचं खानं न्हेऊ देत न्हाईत म्हंजे? माझी भाकर हाय, चोरीचा माल न्हाय!"

तिसऱ्या बैठकीत खोल्यांचा विषय निघाला. खिडकीच्या खोलीला माणशी सहा हजार जास्त. मी आयुष्यात होडीत बसलोय ते पानशेतला, तेही अर्धा तास आणि डोळे मिटून. पण बोललो असा, की बंदरावरच वाढलोय.

"खिडकी कशाला? झोपल्यावर डोळे मिटलेलेच असतात. समुद्र बघायचा तर वर गच्ची आहे, ती फुकट आहे."

"करेक्ट काका! विंडो इज टोटल वेस्ट," चैताली म्हणाली. टाळ्या पडल्या. नागोरावांनी वहीत 'खिडकी' या शब्दावर काट मारली. मी कॉलर ताठ केली. कट्ट्यावर वहिनी थर्मासचं झाकण घट्ट करत होत्या. ते आधीच घट्ट होतं. हे मला आता आठवतंय. तेव्हा मी टाळ्या मोजत होतो.

चौथ्या रविवारी एजंटाला द्यायचे कागद तयार झाले. पैसे सोमवारी भरायचे होते. सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती माझ्याकडेच काढलेल्या, म्हणून वाटपाचा मानही माझा. मी नाव पुकारत होतो, लोक कागद घेत होते. सात जोडपी, एक गेनबाकाका आणि सोळावे फुकटातले नागोराव. आठ खोल्या, खोलीत दोघं. नागोराव गेनबाकाकांच्या खोलीत. गठ्ठा संपला. समोर वहिनी पेले मांडत होत्या. मला गंमत सुचली.

"काय वहिनी, तुमचं आधार कार्ड आलंच नाही माझ्याकडे! की जहाजवाले तुम्हाला नुसतं बघून आत घेणार?"

नेहमीप्रमाणे सगळे हसले. मग एकेकाचं हसू विझत गेलं. नागोरावांनी वहीच्या यादीवरून बोट फिरवलं, एकदा वरून खाली, मग खालून वर.

"असेल इथंच," ते पुटपुटले. "मी तुला कधी सोडून गेलोय का?"

"नाही ना," वहिनी म्हणाल्या. "पण माझं नाव तिथं नसतं. मागं बघा जी. सामानाच्या पानावर."

नागोरावांनी नकळत पान उलटलं. मी शेजारीच उभा होतो, आणि माझे डोळे उघडे असतात. गेल्या वर्षीच्या ट्रिपचं पान होतं ते. शेगड्या दोन. पातेली तीन. ताडपत्री एक. साखर पाच किलो. सुशीला.

त्याच्या पुढचं पान जहाजाचं. वर 'सामान' लिहून खाली एकच शब्द होता: निरंक.

"बरोबरच आहे त्यांचं," वहिनी सगळ्यांना पेले देत म्हणाल्या. "जहाजावर स्वयंपाकघर असतं म्हणे." मला चहा दिला आणि त्या जिना चढून गेल्या. तो चहा मी टाकीच्या कट्ट्यावर तसाच ठेवला. आणि मी फुकटचा चहा टाकून देणारा माणूस नाही.

दुकान बंद करायच्या सुमारास नागोराव आले. कानावर पेन नव्हतं.

"एजंट म्हणतो, सतराव्या माणसाला एकट्याची खोली घ्यावी लागेल. जवळपास दुप्पट पैसे. मी तिला म्हटलं, माझ्या जागी तू जा."

"मग?"

"म्हणाली, म्हणजे गेनबाभाऊंच्या खोलीत मी का?"

हसू आवरायला मी झेरॉक्स मशीन उगाच चालू केलं. नागोराव हसले नाहीत.

"आणि म्हणाली, पंधरा जणांच्या गोळ्यांच्या वेळा तिथंही मीच सांभाळणार ना? मग घरी काय वाईट आहे? साईनाथराव, पहिल्यांदा दोघांचंच ठरलं होतं. खिडकी होती. आता ट्रिप रद्द करायची, तर सगळ्यांना शब्द दिलाय. इतक्या वर्षांत मी एक बस रद्द केली नाही."

दोघांचंच होतं ते पंधरांचं कुणी केलं, खिडकी कुणी बुजवली, यातलं त्यांनी काहीच काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मला उत्तरं सुचतात. न बोललेल्या गोष्टीला सुचत नाहीत.

त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं: 'एकाऐवजी दोन माणसं फुकट द्या म्हणून मी एजंटाशी फोनवर भांडलो. जरा जास्तच बोललो. त्यानं सवलत रद्द केली, आता आपली ग्रुपची ट्रिप होत नाही. नागोरावांचा यात काही दोष नाही.'

आजवर मी खऱ्या बातम्या दिल्या, तर लोक दहा ठिकाणी खात्री करून घ्यायचे. ही एकच थाप. तिच्याबद्दल कुणालाही, क्षणभरही, शंका आली नाही. गेनबाकाकांचा आवाजी निरोप आला, "मला वाटलंच हुतं!" चैतालीनं नुसता कपाळावर हात मारलेला बाहुला पाठवला. शंका आली ती फक्त पूर्णिमेला.

"तुम्ही भांडलात? भाजीवाली दोन रुपये कमी परत देते, तेव्हा तिला थँक्यू म्हणून येता." तिनं जहाजासाठी घेतलेली मोठी गोल टोपी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण माझं बिंगही फोडलं नाही. आमच्या घरात कुणाच्या तरी तोंडात तीळ भिजतो.

नागोरावांनी बजेट नव्यानं मांडलं. मुंबईपर्यंतची टॅक्सी गेली, एसटी आली. खिडकी परत आली. त्या पानाची प्रत काढायला ते माझ्याकडेच आले. एक: सुशीला. दोन: नागोराव. खाली सामान: निरंक. तो शब्द तोच होता, पण या वेळी वाचायला बरा वाटला. प्रतीचे दोन रुपये मी घेतले नाहीत. ही माझ्या त्यागाची कमाल मर्यादा.

ते निघाले त्या दिवशी दोन्ही बॅगा नागोरावांच्या हातात होत्या. वहिनींनी पूर्णिमेकडे किल्ली दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साईनाथभाऊ, तुळशीला पाणी घाला. तेवढं तरी गुपचूप करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच पूर्णिमेचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर ठेवला. पलीकडे वहिनी होत्या.

"सुशीलाताई, सगळं ठीक आहे ना?" पूर्णिमेनं घाबरून विचारलं.

"हो गं. पडलेय नुसती. खिडकीत सगळं पाणीच पाणी आहे. हे चहा आणायला गेलेत, रस्ता चुकले वाटतं, अर्धा तास झाला." आणि वहिनी हसल्या. "काही काम नव्हतं, म्हणून केला फोन. पण भाऊंना म्हणावं, हे चुकल्याचं कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगितलं नाही. लिहू नका असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.