खुंटीवरचा हेडफोन

माझ्या वायरलेसच्या टेबलाशेजारी भिंतीला एक खुंटी आहे आणि तिच्यावर हेडफोन टांगलेला असतो. चांगला आहे, दोन्ही कान चालतात. एरवी गप्पा मारताना मी तो लावतेही. पण आणीबाणीच्या दिवशी त्याला हात लावत नाही. आमच्यातले नवे लोक विचारतात, "बाई, एवढ्या खरखरीत हेडफोन का नाही लावत?" मी म्हणते, नाही लावत, माझी मर्जी. खरं कारण सांगायला जरा बसावं लागतं, आणि उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही.

मी जव्हारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. सगळी नोकरी लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. मग यंत्रं आली, मी निवृत्त झाले आणि घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं. तेव्हा हॅम रेडिओची, म्हणजे हौशी वायरलेसची, परीक्षा दिली, सरकारी परवाना काढला आणि गच्चीवर अँटेना उभी केली. गल्लीत हसं झालं. "काय बाई, चंद्रावरून कुणी बोललं का?" मी म्हणायचे, "बोललं ना, तुमचीच चौकशी करत होते." हौसेचं काम आहे, पगार नाही की भत्ता नाही. पण वादळात मोबाइलचा टॉवर झोपला की हीच गल्ली माझ्या ओट्यावर येऊन उभी राहते, आणि तेव्हा कुणी चंद्राचं नाव काढत नाही.

जव्हार उंचावर आहे. खालच्या दऱ्यांमधला आवाज डोंगर ओलांडून शेजारच्या गावाला जात नाही, पण माझ्या अँटेनापर्यंत येतो. म्हणून मधली मी. माझ्याखेरीज आणखी दोघे पक्के होते. एक मोखाड्याचे मेडिकल दुकानवाले भाऊ, आणि दुसरे मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावरच्या शाळेतले गुरुजी. गुरुजी हातातला छोटा सेट घेऊन शाळेमागच्या टेकाडावर चढले किंवा खालच्या ओढ्याच्या मोकळ्या काठावर आले की मला ऐकू यायचे, भाऊंना नाही. मग गुरुजींचं मी भाऊंना सांगायचं आणि भाऊंचं गुरुजींना. एक्स्चेंज सुटलं नाही ते नाहीच.

आमच्या यंत्रावर फोनसारखं दोघांनी एकदम बोलता येत नाही. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने बटण दाबून धरलं तर बाकीचे सगळे मुके. आणि लोक धरून ठेवतात! बोलणं संपलं तरी अंगठा तिथेच. मी मग ओरडते, "बटण सोडा!" समोरच्याला ते ऐकू जात नाही हे मला माहीत असतं, तरी ओरडते. भाऊ म्हणायचे, "बाईंचा स्वभाव आणि बाईंचा सेट, दोन्ही कायम गरम."

हेडफोनचा नियम आम्हीच केला होता. एका पुराच्या वेळी माझ्या ओट्यावर नातेवाईक बसलेले असताना त्यांच्या घरातला माणूस वाहून गेल्याची बातमी उघड्या स्पीकरवरून आली होती. तो आकांत मी विसरू शकत नाही. त्यानंतर आमचं ठरलं. चांगलं असेल ते सरळ सांगायचं. वाईट असेल तर आधी म्हणायचं, "हेडफोन लावा." पलीकडच्याने हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो. मग सांगायचं, दोनदा सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने ते माणसांना आपल्या तोंडाने, सावकाश, सांगायचं. आम्हाला वाटलं, किती विचार केला आपण लोकांचा!

त्यानंतर एका वर्षी श्रावणात पावसाने नुसता उच्छाद मांडला होता. घाटात दरड आली, एसटी बंद झाली, मोबाइल मेले. सकाळी मी सेट लावून बसले होते, तोच एक बाई ओट्यावर आली. वावर गावाच्या बाजूची, डोईवर प्लास्टिकचा कागद, काखेत गाठोडं. डेपोतल्या कुणी तरी तिला माझं घर दाखवलं होतं.

"बाय, तुझ्याकडं ते बोलायचं यंत्र हाय ना? माझी पोर बाळंत व्हायचीय. मोखाड्याकडं दिलीय. मी निघालेली तिच्याकडं, तर गाडीच नाय."

आमच्याकडची पाड्यावरची माणसं कलेक्टरलाही अरेतुरे करतात. मला ते आवडतं, त्यात परकेपणा राहत नाही. मी तिला आत घेतलं आणि पाड्याचं नाव विचारलं. तो गुरुजींचाच पाडा निघाला. नशीब म्हणायचं की काय म्हणायचं, मला अजून कळत नाही.

गुरुजींना हाक दिली तर त्यांनीच आधी सांगितलं, "बाई, मी तुम्हालाच शोधत होतो. इथे एक बाळंतपण अडलंय. पहिलटकरीण आहे. डोली करून खाली आणतोय. मोखाड्याला सांगा, गाडी ओढ्याच्या पलीकडे उभी करा. पूल पाण्याखाली आहे, दोर लावून उतरवू."

स्पीकर उघडा होता. आईने सगळं ऐकलं. "माझीच ती," म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मी भाऊंना कळवलं. भाऊंनी दुकान उघडं टाकलं, सेट आणि गाडीची बॅटरी उचलली आणि सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन ठाण मांडलं. तिथून रुग्णवाहिका निघाली. मग सुरू झालं ते थांबणं. डोली टेकाड उतरली. डोली ओढ्याला आली. पाणी छातीपर्यंत आहे, थांबलोय. उतरतोय. गुरुजींच्या आवाजात धाप होती आणि मागे माणसांचा आरडाओरडा. दर वेळी स्पीकर खरखरला की ती बाई माझ्या तोंडाकडे बघायची. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे, मी आपली "येतायत गं, येतायत," म्हणत होते. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते मी त्या दिवशी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

दुपारी मी भाकरी-भाजीचं ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते हाताने मागे सारलं.

"पोर मोकळी झाली की जेवीन."

"अगं, तू उपाशी राहून तिकडे काय फरक पडणार आहे?"

"नाय जात गं घशाखाली."

तिने गाठोडं सोडून मला दाखवलं. नागलीचं पीठ होतं, आणि जुन्या लुगड्याची शिवलेली लहानशी गोधडी. टाके मोठे मोठे होते, पण मऊ होती. "धुवून धुवून मऊ केलीय," ती म्हणाली. मी हातात घेऊन बघितली आणि परत तिच्या मांडीवर ठेवली.

मग गुरुजी बोलले, "ओढा पार केला. गाडीत घातली. निघाली गाडी." मी चक्क टाळ्या वाजवल्या. बाई हसली. दिवसभरात तेवढीच.

त्यानंतर दवाखान्यातून काहीच येईना. मी विचारायचे, भाऊ म्हणायचे, "आत आहे बाई. थांबा." संध्याकाळ व्हायला लागली होती. पाऊसही जरा उघडला होता.

आणि भाऊंचा आवाज आला. "बाई, हेडफोन लावा."

मी तिच्याकडे बघितलं नाही. खुंटीवरून हेडफोन काढला, पिन खोचली, कानाला लावला. दिवसभर खरखरणारी ती खोली एकदम गप्प झाली. सकाळपासून ती बाई प्रत्येक शब्द माझ्याबरोबर ऐकत होती. कुणी न सांगता तिला कळलं, की आता जे येतंय ते तिच्यापासून लपवायचं आहे. आणि तिला जे कळलं ते असं, की पोर गेली.

माझ्या कानात भाऊ सावकाश, जपून जपून सांगत होते. "बाळ वाचलं नाही. मुलगा होता. खूप प्रयत्न केले..." आणि इकडे ती गोधडी तोंडावर धरून कपाळ भिंतीवर आपटत होती. "माझी पोर गेली गं! माझी पोर गेली!" मी हाताने नाही नाही केलं. तिला वाटलं मी समजूत घालतेय. भाऊंना थांबवावं तर ते बोलत होते, त्यांचं बटण दाबलेलं, माझं काही त्यांना पोचणार नव्हतं. कानात भाऊ म्हणत होते, "आता आईबद्दल सांगतो," आणि समोर एक आई जिवंत मुलीसाठी रडत होती. असला संताप आला मला! भाऊंचा नाही, तिचा नाही. आमच्या त्या शहाण्या नियमाचा.

मी पिन धरून ओढली. स्पीकर केवढ्यांदा तरी बोलला.

"...आई शुद्धीवर आहे. रक्त फार गेलं, पण धोका टळला असं डॉक्टर म्हणतायत. पुन्हा सांगतो. आई सुखरूप आहे. बाळ गेलं."

बाई थांबली. तिचं तोंड उघडंच होतं.

"पोर हाय?" तिने विचारलं.

"आहे. तुझी पोर आहे. बाळ गेलं गं."

गोधडीची घडी उलगडली होती ती तिने मांडीवर नीट घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. ते बघून मला रडू आलं. मी तोंड फिरवून रडले, आणि मग नाक पुसून बटण दाबलं.

"भाऊ, हेडफोन काढलाय. तिची आई इथेच आहे. सगळं ऐकलंय तिने. सेट पोरीच्या खाटेजवळ नेता येतो का बघा."

मग भाऊ हळू म्हणाले, "नेतो बाई. खिडकीपाशीच आहे खाट."

एरवी परवाना नसलेल्या माणसाला आम्ही माईक देत नाही. त्या दिवशी मी तो तिच्या हातात दिला. दाखवलं, हे दाबायचं आणि बोलायचं, सोडलं की ती बोलेल. तिने मान हलवली. माईक दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि बटण दाबलं, एवढ्या जोराने, की अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

"पोरी," ती म्हणाली. "मी हाय गं. आयकते मी. बोल."

अंगठा तसाच.

"बोल ना पोरी. बोल."

तिकडे पोरीला आईचा श्वाससुद्धा ऐकू जात असणार, आणि उत्तर देता येत नसणार. बाई माझ्याकडे वळली. डोळ्यांत पुन्हा तीच मघाची भीती. "बोलत नाय गं ती!"

माझ्या तोंडात शब्द आले होते. एवढी वर्षं ओरडत आलेले तेच दोन. मी ते गिळले, तिचा हात हातात घेतला आणि ताठरलेला तो अंगठा हळूच उचलला.

स्पीकर खरखरला. कुणीतरी नाक ओढलं. मग अगदी बारीक आवाज आला.

"आये, तू जेवलीस का?"