दादाराव म्हणाले, शिट्टी वाजली होती

दादाराव गेल्याची खबर मला मोबाईलवर कळली. डेपोतल्या जुन्या-नव्या माणसांचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी त्यांचा फोटो आला आणि खाली जोडलेले हात. मी तेव्हा लातूरच्या भाजी मंडईत मेथीची जुडी बघत उभा होतो. तीसेक जणांनी हात जोडले होते, मीही जोडले आणि पिशवी घेऊन घरी आलो. मेथी निवडायला बसलो तेव्हा मात्र हात चालेनात... तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा, करुणाचा फोन आला. ती नांदेडला नर्स आहे. आवाज बसलेला होता. म्हणाली, "काका, रविवारी गावाकडं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. बाबांच्या नोकरीबद्दल तुम्हीच बोला." मी म्हटलं, माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. ती म्हणाली, "मोठी लई हायत. पण बाबांचा जीव तुम्ही वाचवला. तुम्ही शिट्टी मारली नसती तर त्या दिवशीच सगळं संपलं असतं. बाबा कायम सांगायचे." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी शिट्टी मारलीच नव्हती. तीन वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नाही, घरी बायकोलाही नाही. म्हणून आता पहिल्यापासून लिहितो.

दादाराव मुखेड तालुक्यातल्या एका खेड्याचे. रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस म्हणून लागले आणि उभी हयात रुळाच्या कडेनं चालण्यात गेली. आमच्या भागात गाड्यांसाठी विजेची तार आली तेव्हा तिच्या खांबांच्या तपासणीवर त्यांना घेतलं आणि जोडीला मला दिलं. नांदेड आणि लातूरच्या मधल्या एका लहान स्टेशनावर आमचा डेपो होता. रोज सहा-सात किलोमीटर पायी जायचं आणि एकेक खांब बघायचा. पायाला तडा गेलाय का, नट ढिले झालेत का, वरचे चिनी मातीचे इन्सुलेटर फुटलेत का, खांबाला रुळाशी जोडणारी लोखंडी पट्टी घट्ट आहे का. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उभा केलेला खांब हळूहळू कलतो, आणि सरावाच्या डोळ्यालाही ते चटकन दिसत नाही. दादाराव गवंड्याचा ओळंबा खिशात ठेवायचे. खांबाजवळ तो सोडून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "हे बेणं पुन्हा धर्माबादकडं झुकून राहिलंय. लिहून घे." नियमांच्या बाबतीत त्यांच्याशी हुज्जत घालून उपयोग नसे. वरची तार पंचवीस हजार व्होल्टची. ती बंद केल्याचा कागद हातात आल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंनी ती जमिनीला जोडल्याशिवाय ते कुणाला शिडीला हात लावू देत नसत. एकदा साहेब घाई करायला लागले तेव्हा दादाराव शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. "कागद येऊ द्या साहेब, मग मी उठतो." कागद आला, मग उठले.

मी अहमदपूरकडच्या शेतकरी घरातला. पहिले काही महिने दुपारी माझा डबा मी त्यांच्यापासून चार पावलांवर उघडायचो, सावलीचं निमित्त करून. घरात न बोलता शिकवलेलं असतं, ते अंगात मुरलेलं असतं. त्यांना ते कळत होतं. एक दिवस मी डबा विसरलो. त्यांनी अर्धी भाकर आणि ठेचा डब्याच्या झाकणावर ठेवून माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत जेवायला लागले. मी खाल्लं. भूक होती म्हणून खाल्लं... नसती तर काय केलं असतं, ते आज मला नक्की सांगता येत नाही. त्यानंतर आम्ही एकत्र जेवायला लागलो आणि पुढं ते मला अरे-तुरे करायला लागले.

आमच्या कामात एक माणूस खांब बघतो आणि दुसरा गाडी बघतो. दुसऱ्यानं दुसरं काही करायचं नसतं. गळ्यात शिट्टी, हातात झेंडी, आणि नजर रुळावर. दादाराव म्हणायचे, "डिझेलचं इंजिन गावाच्या पल्याडून ऐकू यायचं. हे विजेचं मांजरावानी येतं. म्हणून कानाचा भरवसा धरू नको."

मार्चमधली दुपार होती. आमची लाईन एकेरी, गाडी दोन्हीकडून येऊ शकते. पुढे वळण होतं आणि भराव उंच होता. दादाराव रुळाला टेकून बसले होते आणि खांबाच्या पट्टीचा बोल्ट हातोडीनं ठोकून बघत होते. मी वळणापाशी उभा होतो. खिशातून फोन काढला. मॅच चालू होती, शेवटची षटकं होती. दोन चेंडू बघू म्हणालो आणि एक अख्खं षटक बघितलं. नुसतं इंजिन येत होतं, मागे डबे नव्हते, वारा उलटा होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा ते माझ्या शेजारून निघून गेलं होतं. शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी ती तोंडाला लावलीसुद्धा नाही, नुसता बघत राहिलो. दादारावांनी बसल्या जागेवरून कसंबसं स्वतःला बाहेर झोकून दिलं आणि ते खडीवरून घसरत भरावाच्या खाली गेले. तिथं पाण्याच्या मोरीची सिमेंटची कड होती. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले.

मी खाली पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. फोन अजून चालू होता. त्यातून लोकांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. "बंद कर ते," एवढंच म्हणाले.

नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा दादारावांनी मला जवळ बोलावलं. मी काय बोलायचं ते रात्रभर ठरवून आलो होतो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"शिट्टी वाजली होती. मला ऐकू आली. उठताना माझा पाय चुकला. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं."

"दादाराव, पण..."

"एकाचं नुकसान झालं, ते झालं. दोघांचं कशाला? तुझी लेकरं लहान हायत." मग डोळे मिटून म्हणाले, "लाईनवर पुन्हा फोन काढू नको."

मी मान हलवली. फोन मी पुन्हा कधी काढला नाही, एवढा शब्द पाळला. पण चौकशीत साहेबांनी विचारलं, "शिट्टी दिली होती का?" आणि मी म्हणालो, "दिली होती." दादारावांनी त्यांचं तेच सांगितलं. त्यांच्या सर्व्हिस बुकात स्वतःच्या निष्काळजीपणाचा शेरा आला. ज्या माणसानं कागदाशिवाय शिडीला हात लावला नाही, त्याच्या नावापुढे हा शब्द! माझी उलटतपासणी कुणी केली नाही. त्यांची कबुली इतक्या सहज कशी मान्य झाली, आणि मला दुसरा प्रश्न का आला नाही, याचा विचार मी तेव्हा केला नाही. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

पुढची दोन वर्षं ते स्टोअरमध्ये बसले. नट, बोल्ट आणि हातमोजे देत. पाय सरळ पुढे ठेवून खुर्चीत आडवे बसायचे. मी स्टोअरकडे जायचं टाळायला लागलो. हातमोजे लागले तर दुसऱ्याला पाठवायचो. सुरक्षा सप्ताह आला तेव्हा प्रमाणपत्रासाठी माझं नाव निघालं, प्रसंगावधान राखून सहकाऱ्याचे प्राण वाचवल्याबद्दल. मी ते घेतलं. वर भाषणही केलं, नजर हटू देऊ नका म्हणून. दादाराव शेवटच्या रांगेत होते, टाळ्या वाजवत होते. नंतर फाटकापाशी गाठ पडली. "चांगलं बोललास," म्हणाले, "नव्या पोरांनी ध्यान देऊन ऐकलं." मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं... गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि गावी गेले. मुखेड काही लांब नाही. मी एकदाही गेलो नाही. झोपेतच हृदयविकाराचा झटका आला, म्हणे.

रविवारी मी गेलो. वंदना झाली, सूत्रपठण झालं, आणि करुणानं माझं नाव पुकारलं. म्हणाली, "बाबांना वाचवणारे काका." मंडपातली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी उभा राहिलो. दादाराव कसे काम करायचे ते सांगितलं, ओळंब्याचं सांगितलं, शिडीचं सांगितलं. अपघातापाशी आलो आणि म्हणालो, "त्या दिवसाबद्दल मला बोलवत नाही." लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. एक म्हातारे उठून माझा हात हातात घेऊन गेले.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग बस धरून पुन्हा गेलो. घरात वहिनी आणि करुणा दोघीच होत्या. बसायच्या आधीच सांगितलं, सगळं सांगितलं, मॅचचंही. करुणा म्हणाली, "म्हणजे बाबा आमच्याशी खोटं बोलले." हे माझ्या कधी डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटत होतं, मी त्यांचा पाय घेतला. त्यांना स्वतःच्या लेकीशी तीन वर्षं खोटं बोलायला लावलं, तेही मीच.

वहिनी खाली बघत होत्या. म्हणाल्या, "हुरडा निघाला की मी तुमचा वाटा आधी काढून ठेवायची, भाऊजी. घरच्यांच्या आधी." तीन हिवाळे तो हुरडा माझ्या घरी यायचा. मी त्याला जुन्या ओळखीचा जिव्हाळा समजत होतो.

करुणाला विचारलं, मी आता काय करू? "मंडपात बोललात तेव्हा लई माणसं होती," ती म्हणाली. "त्या सगळ्यांना कळलं पाहिजे. लिहा. तुमचं नाव घालून लिहा." म्हणून हे लिहिलं.

त्या दिवशी करुणाचं बोलून झाल्यावर वहिनी उठल्या आणि चहा करून घेऊन आल्या. दादारावांच्या खाटेशेजारी एक बुटकं लाकडी स्टूल होतं. वर जुन्या गोधडीची घडी शिवलेली, आणि घडीच्या मधोमध खळगा पडलेला. मी त्याच्याकडे बघतोय हे करुणाच्या लक्षात आलं. "बाबांचा पाय," ती म्हणाली. "म्हणजे पाय ठेवायचं. जेवताना गुडघा मुडपत नव्हता ना." वहिनी म्हणाल्या, "कप गरम आसंल. ठेवा त्याच्यावर." मी कप हातातच धरून बसलो, चहा निवला तरी.