वरची पट्टी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवतात. छापील प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या तेव्हा बाकीच्या पेंटरांनी ब्रश गुंडाळून ठेवले, हे मात्र अजून शिडीवर चढतात. दोरीला खडू चोळायचा, ती ताणून फळीवर सोडायची की सरळ रेघ उमटते. मग हाताखाली आधाराची काठी धरून, श्वास रोखून अक्षर काढायचं. श्वास रोखतात तेवढा वेळच ते गप्प असतात, एरवी तोंडाचा पट्टा चालू. मी तसं म्हटलं की म्हणतात, “मेहुणी आहेस म्हणून ऐकून घेतो.”

त्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरांची पहिल्या मजल्यावरची पाटी करत होते. ‘दातांचा’ एवढं रंगवून झालं, ‘दवाखाना’ राहिला, आणि ते जेवायला घरी आले. हात धुतायत तोच फोनवर मेल आली: तुमच्या मेलमधली जागा संपत आली आहे, इथे दाबून आत या. दाजींनी दाबलं. पण पुढचं सगळं त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं, हे मी ठासून सांगते. माझी भाची एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते, आणि तिनं त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं, “बाबा, पासवर्ड द्यायच्या आधी वरच्या पट्टीतला साइटचा पत्ता वाचायचा. शेजारी कुलपाचं चिन्ह आहे का बघायचं. मगच पुढे.” आधी पाटी वाचायची, हे दाजींना मनापासून पटलं होतं. त्यांनी पान खाली सरकवून मजकूर वाचला, वरचा पत्ता वाचला, कुलूप बघितलं, पासवर्ड दिला आणि जेवायला बसले.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या नावानं झाडून सगळ्यांना तसलीच मेल गेली. डॉक्टरांना गेली, ज्यांच्या पाट्या रंगवल्या त्यांना गेली, मलाही आली. भाचीनं धावपळ करून खातं परत मिळवलं. मग तिनं फोनमधली उघडलेल्या पानांची नोंद काढली आणि दाजींपुढे धरली. तिथे पत्ता भलताच होता.

“बाबा, तुम्ही वाचलंच नाही.”

“वाचलं.”

“मग हे काय आहे?”

दाजींनी फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. “हे नव्हतं,” म्हणाले. “अगं, दुपारी हे नव्हतं.”

ताई उठली, शिडी ओढत मागच्या खोलीत नेली आणि दाराला कुलूप घातलं. “हातातल्या फोनवरचं दिसत नाही, आणि पहिल्या मजल्यावर चढतायत,” एवढंच म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. त्याच वर्षी दाजींचा एक दोस्त शिडीवरून पडून अंथरुणाला खिळला होता. पण शिडीशिवाय दाजी म्हणजे काय, हे मला समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे नजर चांगली निघाली. आम्हाला हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. डोळे ठीक, पत्ता चुकीचा, मग बिघडलंय काय? ताईनं हळूच स्वतःच्या कपाळाला बोट लावून मला दाखवलं, आणि नेमकं ते दाजींनी पाहिलं.

त्यानंतर ते दारातल्या पायरीवर बसायला लागले. समोरच्या पाट्या एकेक करून वाचायचे. “शिलाईचं दुकान. बरोबर ना गं?” “बरोबर.” “सायकल दुरुस्ती?” “बरोबर, दाजी.” ज्या माणसानं त्यातल्या निम्म्या पाट्या स्वतः रंगवल्या, तो मला विचारत होता. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. मी तडक आत गेले.

“ती मेल माझ्याकडे आहे,” मी भाचीला म्हटलं. “माझ्या जुन्या फोनमध्ये काही नाही, खातं नाही की पासवर्ड नाही. मेलमधली लिंक टाकून उघड त्यात, माझ्यासमोर.” ती नको नको म्हणत होती, पण माझ्यापुढे तिचं काही चाललं नाही.

पान उघडलं. वरच्या पट्टीत तोच भलता पत्ता. भाचीनं माझ्याकडे बघितलं, झालं समाधान? पायरीवरून उठून आत आलेले दाजी म्हणाले, “मी मजकूर वाचला होता. खाली सरकव.” तिनं सरकवलं, आणि वर बघितलं तर पत्ता अगदी खरा. शेजारी कुलूप. मी डोळे चोळले. भाचीनं तोंडावर हात ठेवला. आता तिघांचीही डोकी एकदम बिघडली म्हणायची का?

अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मी पट्टीवर बोट दाबलं. एरवी तिथे दाबलं की लिहायच्या कळा वर येतात. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. पट्टी ढिम्म.

“मावशी,” भाची हळू आवाजात म्हणाली, “ही पट्टी नाहीच. चित्र आहे. पान खाली सरकवलं की जागा व्हावी म्हणून फोन आपली पट्टी लपवतो. तेवढ्यात या पानानं स्वतःची रंगवलेली पट्टी तिथे बसवली, आणि खरी परत येऊच देत नाहीये.”

“रंगवलेली?” दाजी फोनवर वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले. “हात चांगला आहे,” म्हणाले. मग गोंधळून, “पण मग फोन कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं? मी वाचायचं तरी काय?”

भाचीनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही बरोबर वाचलं होतं.” दारात उभी राहून ऐकणाऱ्या ताईनं कमरेची मागच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी खाली शिडी धरून उभी होते. ‘दवाखाना’ पुरा झाला. अक्षर नेहमीसारखंच देखणं, पण दाजी वर असताना आणि उतरल्यावरही गप्प होते. डॉक्टर बघायला बाहेर आले, वा वा म्हणाले. दाजी चिंधीला हात पुसत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला काय लिहू आणि कुठल्या रंगात, याखेरीज काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“डॉक्टर, राग मानू नका,” ते म्हणाले. “तुम्ही खरंच डॉक्टर आहात ना?”

डॉक्टर मोठ्यांदा हसले. “काका, काय हे! वर लिहिलंय की,” म्हणाले आणि बोट वर केलं.

दाजींनी वर पाहिलं. रंग अजून ओला होता.