साडभावाच्या हातचे ब्रेक पॅड

वरचा डबा मी कधीच घेत नाही. दुकानदाराने स्वतः पुढे केलेला तर नाहीच नाही. किराणा असो, औषध असो की दिवाळीचे फटाके, मी मागचा, खालचा, धूळ बसलेला डबा मागतो. दुकानदाराचा चेहरा उतरला की समजायचं, आपण वाचलो. अमरावतीच्या कोर्टात वकिली करता करता माझे केस पांढरे झाले. पिंजऱ्यात एखादा साक्षीदार सरळ, सालस, देवमाणसासारखा उभा राहिला की मला आधी त्याचाच संशय येतो.

त्यामुळे अकोल्याच्या साडभावाचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोन आला की, "भाऊ, पोरीच्या गाडीसाठी ब्रेक पॅड काढून ठेवले, येऊन घेऊन जा," तेव्हा फोन खाली ठेवून मी बायकोला म्हणालो, "यात काहीतरी आहे."

"पॅड आहेत," बायको म्हणाली.

आमच्या दोघा साडभावांना एकच वेड आहे आणि आमच्या बायकांच्या मते ते एकाच घरात लग्न केल्यामुळे लागलेलं नाही, आधीपासून होतं. दोघांकडे एकाच जातीच्या जुन्या छोट्या गाड्या आहेत. मागची सीट काढलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडलेला, दारावर नंबर रंगवलेला. अधूनमधून आम्ही त्या ट्रेलरवर चढवून दक्षिणेतल्या एका रेस ट्रॅकवर नेतो. तिथे आमच्यासारखीच पोट सुटलेली हौशी मंडळी येतात आणि हेल्मेट घातल्यावर तरुण दिसतात. साडभावाचं अकोल्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो माझ्याच गटात धावतो. मागच्या खेपेला तो माझ्या पुढे गेला, कारण माझे ब्रेक मेले.

मेले म्हणजे अक्षरशः. लांब सरळ रस्ता संपतो तिथे एक उजवं वळण आहे आणि त्याच्या पलीकडे जुन्या टायरांची भिंत. दोनचार चकरांतच साधे, रस्त्यावरचे पॅड इतके तापले की पायाखालचं पेडल लोण्यासारखं आत गेलं. गाडी वाळूत शिरली आणि भिंतीच्या अलीकडे रुतून बसली. मी बाहेर येऊन हात जोडून प्रेक्षकांना नमस्कार केला. टाळ्याही मिळाल्या. पण ती भिंत मी फार जवळून पाहिली होती.

आणि या खेपेला गाडी माझी पोरगी चालवणार होती.

नोकरीला लागलेली, स्वतःच्या अकलेने चालणारी मुलगी. तिने एका संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं, "बाबा, यावेळी मी." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं, कारण मुलींनी सगळं करावं यावर मी गावोगावी भाषणं ठोकलेली. हो म्हणालो. तेव्हापासून उलटतपासणी चालू असतानासुद्धा मला न्यायाधीशांच्या मागे टायरांची भिंत दिसायला लागली.

तर आम्ही बापलेक मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेलो. साडभावाने काउंटरवर एक डबा आधीच काढून ठेवला होता.

"हे मधले," तो म्हणाला. "ना रस्त्याचे, ना पूर्ण रेसचे."

"तुमच्या गाडीत कोणते आहेत?" मी विचारलं.

"पूर्ण रेसचे."

"मंग आमाले मधले कावून?"

"कावून म्हणजे? रेसचा पॅड तापल्याशिवाय पकडत नाही, भाऊ. थंडा असला तं नुसता घासत राह्यते. मी पहिल्याच वळणापासून दणादण ब्रेक मारतो, माह्या गाडीत तो लगेच तापते. पोट्टी पहिल्यांदा जाऊन राहिली. ती जपून चालवन, पॅड तापनच नाही, आन् जिथं पाहिजे तिथं पकडनच नाही. मधला थंडाही पकडते, तापल्यावरही सोडत नाही."

बोलणं बिनतोड होतं. बिनतोड बोलण्याइतकं संशयास्पद या जगात काही नाही.

"मावसाजी बरोबर सांगतायत," पोरगी म्हणाली. "मी पण हेच वाचलं होतं."

"दोन साक्षीदार एकच जबानी देत असले की समजावं, पढवलेले आहेत," मी म्हणालो.

"भाऊ, तुमच्या पोरीले मी कशाला खोटं सांगीन?"

"पोरीले नाही सांगणार. पण गाडीवर नंबर माझा आहे."

त्याने कपाळावर हात मारला. मी काउंटरवरचा डबा अदबीने बाजूला सारला, वाकलो, आणि फळीच्या तळातून, अगदी मागून, तोच शिक्का असलेला दुसरा डबा ओढून काढला. त्याच्यावर धूळ होती. मला बरं वाटलं.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर कोर्ट भरवलं. डब्यात चार पॅड असतात, पुढच्या प्रत्येक चाकाला दोन. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला ते दोन्हीकडून चिमटीत धरतात, की गाडी थांबते. दोन-दोनच्या दोन जोड्या प्लास्टिकमध्ये घट्ट बंद होत्या. एक जोडी मी सुरीने फोडली. पॅड विटकरी रंगाचे, खरखरीत. नखाने खरवडले, वास घेतला, एकमेकांवर आपटून आवाज ऐकला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. कसलाही दोष सापडेना. सापडत नाही म्हणजे लपवलाय, हे उघड होतं.

"हे पॅड भरवशाचे नाहीत!" मी टेबलावर हात आपटून जाहीर केलं. "याच्या जोरावर माझी पोरगी त्या भिंतीकडे सुसाट जाणार, आणि आयत्या वेळी हे पकडणार नाहीत!"

त्या वेळी कोर्टात ऐकायला दोघीच होत्या. बायको, जी भाजी निवडत होती आणि ऐकत नव्हती. आणि सासूबाई, ज्या आळीपाळीने आमच्याकडे आणि अकोल्याला राहतात. त्या मात्र सगळं ऐकत होत्या. माझ्यासारखा जावई मिळाल्यापासून त्यांना नाटकाचं तिकीट काढावं लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी एका पक्षकाराच्या शेताची मोजणी पाहायला बाहेरगावी गेलो. परत आलो तेव्हा पॅड टेबलावर होते तिथेच, एका स्वच्छ फडक्यावर मांडलेले. फडकं पाहून बायकोचं कौतुक वाटलं.

रविवारी आम्ही दोघांनी ते बसवले. फोडलेली जोडी उजव्या चाकाला, बंद होती ती डाव्या चाकाला. नवे पॅड चकतीवर नीट मुरवावे लागतात. वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबून तो कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं करत राहायचं आणि मग थंड होऊ द्यायचं. यासाठी अमरावतीच्या बाहेरच्या, प्लॉट पाडलेल्या लेआउटसारखी जागा नाही. डांबरी रस्ते तयार, दिव्यांचे खांब तयार, कमानीवर 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलेलं, आणि घर एकही नाही. मालक माझा पक्षकार. त्याने फाटक उघडून दिलं.

पोरगी चालवत होती, मी शेजारी. पहिला ब्रेक ठीक. दुसऱ्याला गाडीचं तोंड किंचित डावीकडे गेलं. तिसऱ्याला ती सरळ खांबाकडे निघाली. पोरीने स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं आणि ब्रेक सोडला.

"उजवं चाक धरतच नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती.

खाली उतरलो. उजव्या चाकातून धूर येत होता आणि जळक्या तेलाचा वास. खऱ्या पॅडला तेलाचा वास? सापडला! गुन्हा सापडला! माझ्या अंगावर आनंदाने काटा आला, आणि लगेच दुसरा काटा आला तो भीतीचा, कारण त्या खांबाच्या जागी मला भिंत दिसली.

गाडी तिथेच उभी केली. थंड झाल्यावर चारही पॅड काढून डब्यात भरले आणि ट्रेलर ओढून आणलेली दुसरी गाडी काढून तसेच अकोल्याला निघालो. रस्ताभर मी आरोपपत्राची तालीम केली. पोरगी खिडकीबाहेर बघत होती.

रविवार असल्याने साडभावाने आमच्यासाठी अर्धं शटर उघडलं. मी वाकून आत शिरलो. वाकून शिरताना माणसाचा अर्धा रुबाब जातो, पण उरलेला पुरेसा होता.

"हे घ्या," मी डबा आपटला. "माझ्या पोरीला मारायला दिलेलं हत्यार."

त्याचा चेहरा पडला. त्याने एक पॅड उचलला, उजेडात धरला, दुसरा उचलला. मग नख घातलं आणि नख माझ्यापुढे धरलं. नखात केशरी रंग होता.

"हे काय लावलं, भाऊ?"

"मी कशाला काही लावू?"

पोरीने पॅड हातात घेऊन नाकाशी नेला. तिने डोळे मिटले. "बाबा, हा वास शनिवारी मारुतीच्या देवळात येतो."

मी हळूच खाली बसलो. मग फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आई, शनिवारी तुम्ही त्या पॅडांना काही केलं का?"

"हाव. मारुतीले नेले," सासूबाई म्हणाल्या. "पायाशी ठुले, तेल-शेंदूर लावलं चांगलं चोळून, मंग पुसून आणले. कावून?"

"कावून म्हणजे? ब्रेक लागत नाहीत!"

"आता ह्ये घ्या. तुमीच तं म्हणे ना जावई, भरवशाचे नाहीत म्हणून. मंग मी भरवशाचे करून आणले. नातीच्या जीवाचा प्रश्न व्हता बापा. ते दुसरं पुडकं काही फुटलं नाही माह्यानं, नाहीतं त्यालेबी लावलं असतं. तेवढं राहूनच गेलं पाहा."

"दोन्हींना लावलं असतं तर गाडी सरळ गेली असती, आजी," पोरगी म्हणाली.

"मंग तेच तं म्हणतो मी!"

"सरळ भिंतीत."

फोनमधून म्हाताऱ्या बाईंचा बारीक आवाज आला, "तुले लागलं तं नाही ना माय?"

"नाही आजी. काहीच नाही."

फोन बंद केल्यावर साडभाऊ माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही. त्याने पोरीला विचारलं, "रस्त्यात मले किती शिव्या देल्या यानं?"

"मूर्तिजापूरपर्यंत मी ऐकत होते, मावसाजी. मग झोपेचं सोंग घेतलं."

"भैताड," तो मला म्हणाला. नात्यात मी मोठा, त्यामुळे मूर्खासाठीचा हा शब्द त्याने फार वर्षं राखून ठेवला असणार. मग लगेच मायेने, "तेल पिलेला पॅड कामाचा नाही राह्यत. चकतीही पुसून घ्या नीट, मी साफ करायचा फवारा देतो." त्याने फळीकडे हात केला आणि बाजूला झाला. "घ्या. खालून घ्या. मागून घ्या. तुमच्या मनासारखा."

मी फळीपुढे उभा राहिलो. तळाचा डबा दिसत होता. धूळही होती.

"तुमच्या हाताने द्या," मी म्हणालो.

त्याने सगळ्यात वरचा डबा उचलून माझ्या हातात ठेवला. दाढ उपटताना होतं तसं मला झालं. पण घेतला.

"हा घरी कुठं ठेवणार?" त्याने विचारलं.

"माझ्या खोलीत. कुलपात," पोरगी म्हणाली.

सासूबाईंची समजूत तिनेच काढली. गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी आतल्या लोखंडी पाइपावर, चाकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, त्यांना शेंदराचा एक ठिपका लावू दिला.

ट्रॅकवर मी आणि साडभाऊ त्या वळणासमोरच्या जाळीशी उभे होतो. सरावाला गाड्या एकेक सोडतात, त्याची पाळी पुढची, हेल्मेट काखेत होतं. पोरीची गाडी सरळ रस्त्यावरून येताना दिसली, वाढत गेली. माझ्या हातातली जाळी कुरकुरली. तिने लवकर ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली वाकलं, डावीकडे गेलं नाही, उजवीकडे गेलं नाही, आणि ती वळणावरून आरामात निघून गेली. पुढच्या चकरेला थोड्या उशिरा दाबला. त्याच्या पुढच्या चकरेला आणखी उशिरा.

"बसला का भरोसा?" साडभाऊ म्हणाला.

"चकत्या थंड होऊ द्या," मी म्हणालो. "मग सांगतो."

ती गाड्या लावायच्या जागी परत आली, लाल चेहऱ्याने, हसत, आणि तापल्यावर हँडब्रेक ओढायचा नसतो म्हणून साडभावाने चाकाला दगड लावला. मी खाली वाकून चाकांचा वास घेतला. तापलेल्या लोखंडाचाच होता. डाव्या चाकाचा एकदा घेतला. उजव्याचा दोनदा.