मुळांना वारा

बाई फुलाकडे आधी बघायच्याच नाहीत. कुंडी उचलायच्या, तळहातावर तोलून बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्याला आज पाणी नको. पोट भरलंय."

आमच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर, माझ्या समोरच्याच दारात त्या राहत. चंदगडकडच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. शेजारची इमारत खिडकीला इतकी खेटून, की त्यांच्या घरात ऊन म्हणून कधी आलं नाही. तरी आतल्या खोलीत लोखंडी मांडणीवर त्यांनी ऑर्किड वाढवली होती. वर पांढऱ्या ट्यूब टांगलेल्या. सकाळी दूध आलं की चालू, दिवेलागणीला बंद. "त्यास्नीबी रात्र पायजे की, अण्णा."

मी शिरोळचा, कृष्णाकाठच्या काळ्या रानात वाढलेला. कुंडीत नुसता कोळसा आणि नारळाची सोडणं बघून मला राहवायचं नाही.

"माती न्हाय, ऊन न्हाय. झाडं हायत का शोकेस?"

"तुमचा ऊस न्हवं ह्यो. आमच्याकडं ही फणसावर लोंबत असत्यात. मुळांना वारा लागतो ह्यांच्या."

"वारा खाऊन कोण जगतंय?"

"मी जगत्येय की," म्हणून हसायच्या आणि चहा टाकायच्या.

पुढे त्यांच्या बहिणीचा पाय मोडला. बाई चंदगडला निघाल्या. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "लाईट लावायची, बंद करायची. मधनंमधनं पाणी फवारा. बाकी हात लावू नका."

मी हात लावला. शेतावरून पोतंभर गाळाची माती मागवली आणि एकेक कुंडी दाबून भरली. झाडांची दया आली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला जिंकायचं होतं. बाई परत आल्या की टवटवीत झाडांपुढं उभं राहून "बघा आता" म्हणायचं होतं.

पानं पिवळी पडली, तसं मी पाणी वाढवलं. मग खोलीला कुजका वास सुटला. बाई यायच्या आदल्या दिवशी मी सगळी माती उपसली, कोळसा धुऊन पुन्हा भरला, फरशी पुसून घेतली.

त्या आल्या तेव्हा चार शेजारी दारात जमले होते. बाईंनी एक कुंडी उचलली, तोलली. तळाच्या भोकात बोट घातलं. बोटाला काळा गाळ लागला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बोट पदराला पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लाईट जास्त झाली असंल. माझंच चुकलं."

"आमी म्हणत नव्हतो व्हय?" वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "ट्यूबखाली कुठं झाडं जगत्यात, बाई!"

सगळे हसले. मीही हसलो.

मांडणी भंगारात गेली. थोड्या दिवसांनी बाई घर सोडून कायमच्या बहिणीकडे गेल्या. आमच्याकडे अजूनही कुणी काही भलतं करू गेलं, की "बाईंची ट्यूब" म्हणतात. तुम्हीही कधी ऐकलं असेल, तर हे लक्षात ठेवा : त्या ट्यूबमध्ये काहीही दोष नव्हता. झाडं मी मारली.

यंदा बाई वारल्या. मी एसटीनं चंदगडला गेलो. काय सांगायचं ते वाटभर मनात जुळवत होतो. बहीण काठी टेकत ओसरीवर आल्या.

"तुमीच न्हवं का ते अण्णा? ताई सांगायची, माझ्या झाडांस्नी त्यांनी लई जीव लावला."

मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी आतून एक कुंडी आणून माझ्या हातात दिलीसुद्धा. "एवढं एकच वाचलं हुतं. तुमी न्या. तुमास्नी कळतंय त्यातलं."

वाटभर जुळवलेलं तसंच मनात राहिलं. कुंडी मांडीवर घेऊन परत आलो.

आता ती माझ्या आतल्या खोलीत, एका ट्यूबखाली आहे. रोज सकाळी उचलतो, तळहातावर धरून उभा राहतो. हलकी झालीय का अजून जड आहे, मला कळत नाही.