मोठी शीव

आधी क्षमा मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. माझ्याआधी आमच्यात कोणी कॉलेजाची पायरी चढलं नाही, आणि मी चढलो म्हणून मला लिहिता येतं असंही नाही. वसतिगृहातले मित्र म्हणाले, परक्या राज्यात जाऊन आलेला आपल्यात तू एकटा, तेव्हा प्रवासवर्णन लिही. मी गेलो होतो हे खरं. पण विलायतेला नव्हे, गोव्यात, पोर्तुगीजांच्या हद्दीत; आणि काही पाहायला गेलो नव्हतो. बहिणीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला गेलो होतो. त्यामुळे ह्यात देखावे थोडेच आहेत. जे आहे तेही नीट सांगता येईल की नाही, मला ठाऊक नाही.

आमचं घर कुसगावला, लोणावळ्याला लागून. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेवर चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन नेमून दिलेला टप्पा रोज पायी तपासायचा, रुळांच्या सैल चाव्या ठोकून घट्ट करायच्या, टप्पा संपेल तिथे पुढच्या चावीवाल्याला भेटायचं आणि माघारी फिरायचं, असं ते काम. ह्या भेटींतूनच लाइनीवरच्या लोकांचे निरोप जात. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कोणाला मुलगा झाला, कोणाचा बैल मेला, सगळं रुळाच्या कडेने चालत यायचं. आबा म्हणायचे, "निरोप चालून चालून रोड होतो. म्हनून दोन-चार शब्दच द्यावं, तेवडं पोचत्यात."

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला वडगावला दिली होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, हेही लाइनीवरचेच. लढाई संपल्यावर गोव्याच्या घाटात माणसं हवी झाली. तिथला घाट आमच्या घाटासारखाच उभा, तेव्हा खंडाळ्याकडच्या माणसांना बोलावणं आलं. दाजी आपल्या आईला आणि अक्काला घेऊन गेले. हद्द ओलांडल्यावर खाली उतरलं की लागणाऱ्या पहिल्याच स्टेशनाशी त्यांना खोली मिळाली.

फाल्गुनात एका संध्याकाळी आबा कामावरून आले आणि हातोडा खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "सातवा लागला. मुराळी पाठवा."

तेवढाच निरोप. लेकीला माहेरी आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि तिला सातव्या महिन्यात आणायचं. आठव्यात पोटुशी बाई शीव ओलांडत नाही. सातवा चुकला तर मग नववा. ह्यात आमच्याकडे कोणी वाद घालत नाही.

मला कॉलेजातून बोलावून घेतलं. आईने गाठोडं बांधलं. आंबेमोहराचे तांदूळ, तिखट, हिरवं लुगडं, आणि फडक्यात वेगळ्या बांधलेल्या कडक भाकरी.

"ह्या तुला खायला न्हाईत," आई म्हणाली. "तिला घेऊन येताना शीव लागंल तितं तिच्यावरनं भाकरतुकडा उतरून टाकायचा. टाकला की मागं बघायचं न्हाई."

"आये, गाडीत शंभर गावांच्या शिवा लागतील. कितीदा टाकू?"

"तुज्या बुकात लिव्हलं असंल की."

आबा हसले. "अगं, येकच मोटी शीव हाय. राज्य बदलतं तितं. तितं टाकला की समद्या शिवांना पोचला."

जाताना मी ती मोठी शीव पाहायची म्हणून खिडकीशी जागा धरून बसलो होतो. घाटमाथ्यावर हद्दीच्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. आमच्या बाजूच्या जकातीच्या लोकांनी गाठोडी सोडून पाहिली. पलीकडच्या राज्याचा एक शिपाईही तिथे होता. मला वाटलं होतं गोरा असेल. तो माझ्याहून काळा होता. त्याने तांदळात हात घातला, वास घेतला आणि मान डोलावून हात झटकला. गाडी सुटली आणि लगेच बोगदा आला. बाहेर पडल्यावर शेजारचा माणूस म्हणाला, "हद्द गेली मागे." मी वळून पाहिलं तर डोंगराचं काळं तोंड तेवढं दिसलं. शीव अंधारात होऊन गेली होती.

अक्का दारातच उभी होती. अंगाने फुगली होती आणि चेहरा मात्र बारीक झाला होता. मला पाहून आधी हसली आणि मग रडली.

"कोट घालून आला मुराळी! आत्याबाई, बघा, आमचा सायब आलाय. ह्याला पाट द्यायचा का खुर्ची?"

तिच्या सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला जेवू घातलं आणि बोटांवर मोजून सांगितलं, "सातवा सरत आलाय. अवसेच्या आत घरला पोचवा. येकदा आठवा लागला की मी धाडायची न्हाई तिला." त्या थांबल्या, आणि आपलं बोलणं कडक झालं असं वाटून पुन्हा म्हणाल्या, "पाठवायची न्हाई म्हनून न्हवं रं. जिवाची काळजी असतीया."

दुसऱ्या दिवशी निघालो. दाजींना सुट्टी नव्हती. गाडी चढणीला लागली तशी अक्का विचारू लागली, "शीव कुटं हाय?"

"बोगद्यात. जाताना मला दिसलीच नाही."

"मग बोगद्यात टाकू?"

"अंधारात कुठे टाकशील? थोडी इकडे पडली, थोडी तिकडे, तर?" मी गमतीने म्हणालो. तिला ती गंमत वाटली नाही. तिने थोडा विचार केला. "मग ते पोलीस उबं असतात तितं टाकू. त्यास्नी ठाऊक असंल की शीव कुटं हाय ते."

मलाही ते पटलं.

हद्दीच्या स्टेशनात सगळ्यांना उतरवलं. खाली बंदराकडे प्लेगची केस झाली होती म्हणे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर पाहत होते. बायकांची रांग वेगळी होती. अक्काने फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, डोक्यावरून पायांपर्यंत स्वतःवरून उतरवला आणि फलाटाच्या कडेला, तारेपलीकडच्या गवतात टाकला. मागे न बघता ती रांगेत येऊन उभी राहिली.

डॉक्टर आमच्या पुण्याकडचेच होते. चष्मा, टोपी, थकलेला चेहरा. त्यांनी ते पाहिलं होतं.

"बाई, काय टाकलंत तिकडे?"

"भाकरतुकडा, सायेब. उतरून टाकला."

"कशासाठी?"

"पीडा जाया."

"कसली पीडा? घरात कोणी आजारी होतं?"

"न्हाई जी."

"मग तुम्हाला काही होतंय?"

अक्का खोटं कधी बोलली नाही. ती म्हणाली, "आंग मोडल्यावानी होतंय जरा. ते व्हायाचंच आता."

डॉक्टरांनी काचेची नळी तिच्या तोंडात दिली. चढणीचा प्रवास, डब्यातली गर्दी, तापलेला पत्रा. अंग थोडं गरम होतंच. नळी पाहून त्यांनी शिपायाला खूण केली. मी पुढे झालो. इंग्रजीत बोललो. ही आमची रीत आहे, ह्याचा आजाराशी संबंध नाही, तिला सातवा महिना आहे आणि आम्हाला दिवस थोडे आहेत, असं जमेल तसं सांगितलं. माझी वाक्यं मला वर्गात आठवत तशी तिथे आठवेनात.

"कॉलेजात आहात का?" त्यांनी मराठीत विचारलं.

"हो."

"मग तुम्हाला तर समजायला पाहिजे. पीडा आहे म्हणून बाई स्वतः सांगते, अंग गरम लागतं. मी सोडली आणि उद्या तुमच्या गावात प्लेग झाला तर?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दहा दिवस ठेवावं लागेल. माझ्या हातात नाही हो ते."

त्यांचं खोटं नव्हतं आणि अक्काचंही नव्हतं. मी दोघांच्या मधे उभा होतो आणि मला दोघांचीही भाषा येत होती. तिचा काहीही उपयोग झाला नाही.

स्टेशनापासून थोड्या अंतरावर पत्र्याच्या चाळी होत्या, भोवती तारेचं कुंपण. मला त्यांनी तपासून मोकळं केलं. मी स्टेशनाच्या पडवीत पथारी टाकली आणि दिवसभर कुंपणाशी जाऊन बसू लागलो. तारेच्या आत हात घालायची मनाई होती. अक्का आतून थोड्या अंतरावर दगडावर बसायची. दुपारी पत्रा तापला की बायका भिंतीच्या सावलीत येत.

"आत येक मावशी हाय बेळगावची," अक्का सांगायची. "ती म्हनती, तुजा भाऊ तारंला कोळ्यावानी चिकटून बसलाय, त्याला येकबी माशी घावायची न्हाई."

"तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, तो कॉलेजात शिकतोय, माश्या मारायचंच."

ती हसायची, मीही हसायचो. पहिले तीन-चार दिवस असे गेले. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला होता, पण दिवस पुरे भरल्याशिवाय सोडत नव्हते. मी रोज डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभा राहायचो. ते बाहेर आले की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "आज नाही." समोरून लाइनीवरचे चावीवाले हातोडा घेऊन बोगद्याकडे जाताना दिसत. त्यांना कोणी अडवत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर खाली दाजींना आणि वर आबांना निरोप धाडला: अक्का अडकली. दोन शब्द. ते शीव ओलांडून दोन्हीकडे गेले.

मग अक्का बोलेनाशी झाली. गाठोडं मांडीवर घेऊन बसायची. एका सकाळी म्हणाली, "काल अवस झाली. आठवा लागला."

ती अमावास्या मी आठवडाभर मनात ढकलत आलो होतो.

तिला सोडलं त्या दिवशी दाजी खालून आले. रजा मागून आले होते आणि संध्याकाळी परत हजर व्हायचं होतं. आम्ही तिघे फलाटावर उभे राहिलो. एका बाजूची गाडी मिरज-पुण्याकडे जाणारी, दुसऱ्या बाजूची बोगद्यात जाणारी.

मी म्हणालो, "अक्का, चल घरी. ह्या सगळ्या समजुती आहेत. आठव्यात काही होत नाही."

"व्हय, तुज्या बुकात लिव्हलं असंल," ती म्हणाली. आईसारखंच म्हणाली. "येक रात आन् येक दिस गाडीत बसायचं. वाटंत काय झालं, तर आयेला काय सांगशील?"

"खाली जायचं म्हटलं तरी शीव ओलांडायचीच की."

"व्हय. दोन्हीकडं शीवच हाय." तिने बोगद्याकडे पाहिलं. "मग जवळची बरी."

दाजी एवढंच म्हणाले, "नवव्यात या. मी आत्तापास्नं रजेचं बोलून ठेवतो."

मला फडक्याची आठवण झाली. उरलेल्या भाकरींना बुरशी येऊन त्या मीच टाकून दिल्या होत्या. मी धावत जाऊन कुठून एखादा तुकडा मागून आणू का, असं विचारलं. अक्काने माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे. टाकून तरी काय झालं?"

गाडी हलली. तिने खिडकीतून हात बाहेर काढला होता. "लौकर ये," म्हणाली. बोगद्यात शिरेपर्यंत तो हात दिसत होता.

लोणावळ्याला उतरलो. घराशी आई अंगणात उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या पाठीमागे वाटेकडे पाहत राहिली. आत बाज कसून ठेवली होती. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून, धुऊन, दोरीवर वाळत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं तिनं. नवव्यात आनू." आणि दुपटी दोरीवरून काढून, घड्या घालून फडताळात ठेवली.

मी पुण्याला परत गेलो. वर्गात बसत होतो, पण काय शिकवत होते ते सांगता येणार नाही. नववा लागायच्या दोन दिवस आधी घरी आलो. आईने पुन्हा भाकरी केल्या, ह्या वेळी जास्त. हिरवं लुगडं अक्काकडेच राहिलं होतं. "येताना तेच नेसून येऊ दे तिला," आई म्हणाली. पहाटेच्या गाडीने निघायचं होतं.

दुपारी, एरवी यायच्या वेळेच्या खूप आधी, आबा वाटेने येताना दिसले. हातोडा खांद्यावर नव्हता. हातात धरून जमिनीवरून ओढत आणत होते. अंगणात येऊन उभे राहिले.

"का वो? टप्पा सोडून आला?" आईने विचारलं.

"निरोप आलाय," आबा म्हणाले. "मुराळी पाठवू नगा."

"का? सासू आडवी आली व्हय तिची? आता तर नववा लागतोय."

आबांनी मान हलवली. आईच्या हाताला पीठ होतं. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आन् ल्योकरू?"

"दोगंबी," आबा म्हणाले.