कातळात खड्डा होत नाही, म्हणे!

"मुलींचं या वर्षी रद्द करू, मॅडम," मेजरसाहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. आमटीत कोथिंबीर नको, इतक्या सहज.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि मुलींच्या कॅडेट ट्रूपची ऑफिसरही होते. मेजरसाहेब आमच्या वार्षिक कॅम्पचे कमांडंट, म्हणजे सर्वेसर्वा. माणूस देशावरचा. त्यांनी गावाबाहेरचा सडा पसंत केला होता. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. परेडला झकास. पण कॅम्पात संडासासाठी खोल चर खणतात, वर फळ्या टाकतात, भोवती कनात लावतात. त्याला डीटीएल म्हणायचं. कातळात पहारच शिरेना. मुलगे जातील कुठेही झुडपाआड, मुलींचं तसं चालणार नाही, सबब मुलीच नकोत, असा साहेबांचा हिशोब.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तंबूच्या खुंट्याही कातळात शिरत नव्हत्या. तेव्हा यांनी काय केलं? ट्रकभर जांभ्याचे चिरे आणले आणि तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधल्या. तंबू नाही रद्द केले! तिथे बरी अक्कल चालली.

माझ्या ट्रूपमध्ये पूर्णगडची सुलभा होती. कॉलेजचं शेवटचं वर्ष. तिला पोलिसात जायचं होतं आणि भरतीत आमच्या सर्टिफिकेटला वजन होतं. त्या परीक्षेला बसायचं तर एक कॅम्प केलेला लागतो. आधीच्या वर्षी तिला घरून सोडलं नव्हतं. वडील बोटीवर खलाशी. या खेपेला ते घरी आले तेव्हा तिने रडूनभेकून त्यांची परवानगी मिळवली होती. तिला रद्द झाल्याचं सांगितलं, तर पोरगी फक्त म्हणाली, "बाई, म्हणजे आता आमच्याकडे लग्नाचंच बघतील." मला रात्रभर ते टोचत राहिलं.

सकाळी उठले ती सरळ सड्यावर गेले. कॅम्पच्या जागेला लागून गावातल्या नानूकाकांची जमीन होती. आमच्याकडे हापूसची बाग कातळावर करायची तर सुरुंग लावून खड्डे फोडतात, त्यात बाहेरची माती भरतात आणि पावसाळ्यात कलम लावतात. नानूकाकांनी नुकतेच खड्डे फोडून घेतले होते. चांगले कमरेइतके खोल, रांगेत, रिकामे. हे साहेबांना रोज दिसत होतं, पण बघायचंच नसेल तर काय दिसणार, कपाळ!

हे खड्डे कॅम्पपुरते मुलींच्या संडासाला वापरू का, असं मी जरा चाचरतच विचारलं. नानूकाका मिश्कील हसले.

"वापरा की हो बाई. वर माती मी लोटीन. कलमं काय नाक मुरडायची नाहीत."

मी आणि ट्रूपच्या मुली, आम्ही बायका-बायकाच कामाला लागलो. पाय ठेवायला चिरे लावले, भोवती माडाच्या झावळ्यांचे झाप उभे केले, राखेच्या बादल्या ठेवल्या. सुलभा सगळ्यांच्या पुढे.

साहेब पाहायला आले. फिरून फिरून पाहिलं. खूश झाले. म्हणाले, "व्हेरी गुड. हे ऑफिसर्सना ठेवू. मुलींचं पुढच्या वर्षी बघू."

मी आयुष्यात वरिष्ठांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"सर, मुली या खड्ड्यांसकट कॅम्पला येतील. नाहीतर मी इथूनच प्रत्येकीच्या घरी जाते आणि आईबापांना सांगते, की जागा केली होती, ती साहेबांना लागली."

साहेबांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "ठीक आहे." ऑफिसर गेले झुडपाआड. कोणी मेलं नाही.

मुलींचा कॅम्प झाला. सुलभा परीक्षेला बसली, पास झाली आणि पुढे पोलिसात लागली. तिच्या वडिलांनी बोटीवर पेढे वाटले, असं तिनेच सांगितलं.

त्यानंतर मी बरेच कॅम्प केले. दर वर्षी तयारीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी माझ्याकडे वळून विचारायचं, "मॅडम, मुलींचं काय करायचं?" मुलग्यांचं काय करायचं, हे मात्र रिटायर होईपर्यंत कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.